तीन खड्यांचा पट : आकृती, नियम आणि मध्यबिंदूचा प्रश्न

प्रस्तावना :

नायगाव पूर्वेकडील जूचंद्र हे गाव रांगोळीकलेसाठी ओळखले जाते. ठिपक्यांच्या रांगोळीत आधी ठिपके पडतात, रेषा मागाहून येतात. तीन खड्यांच्या खेळाचा पटही असाच सिद्ध होतो : तीन ओळींत नऊ ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या आठ रेषा. कोळशाने फरशीवर वा काडीने मातीत तो क्षणात आखता येतो आणि तितक्याच सहजतेने पुसला जातो. वाघबकरी किंवा नवकंकरी यांच्या तुलनेत हा खेळ अल्पावधीचा. त्यामुळे ‘फुलीगोळ्याचाच एक प्रकार’ अशी त्याची वासलात लावली जाण्याचा संभव असतो. ही समजूत कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

खेळण्याची रीत :

एका खेळाडूकडे तीन खडे, दुसऱ्याकडे तीन चिंचोके असतात. दोघांनी आळीपाळीने एकेक मोहरा रिकाम्या बिंदूवर ठेवायचा. सहाही मोहरे मांडून झाल्यावर आपला एक मोहरा रेषेवरून लगतच्या रिकाम्या बिंदूवर सरकवायचा. ज्याचे तीन मोहरे प्रथम एका रेषेत येतील तो विजयी. फुलीगोळ्यात एकदा केलेली खूण हलत नाही आणि दोघेही सावध असतील तर डाव बरोबरीतच सुटतो. येथे मात्र तीन बिंदू सदैव रिकामे राहतात व खरा खेळ मांडणीनंतर सुरू होतो. हा भेद वरवरचा नव्हे.

मध्यबिंदूचा प्रश्न :

बिंदूंना वरच्या ओळीपासून डावीकडून उजवीकडे १ ते ९ असे क्रमांक दिल्यास मध्यबिंदू ५ हा उरलेल्या आठही बिंदूंना जोडलेला दिसतो. इतर प्रत्येक बिंदू केवळ तीन बिंदूंशी संलग्न आहे. पहिल्या खेळाडूने ५ वर खडा ठेवल्यास काय घडते? समजा, चिंचोका १ या कोपऱ्यावर आला. खडा ६ वर जातो; ४ अडवणे प्रतिपक्षास भाग पडते. आता चिंचोक्यांची धाव ७ कडे असल्याने तिसरा खडा ७ वर ठेवावा लागतो, आणि ३-५-७ ही रेषा रोखण्यासाठी शेवटचा चिंचोका ३ वर. यानंतर ६ वरील खडा ९ वर सरकतो. पुढच्या खेळीत ५ वरील खडा ८ वर उतरून डाव संपणार हे उघड असते, पण चिंचोक्यांना काहीच करता येत नाही. ८ ला लागून असलेले ५, ७ व ९ हे तिन्ही बिंदू खड्यांनीच व्यापलेले आहेत.

चिंचोका कोपऱ्याऐवजी बाजूच्या मध्यावर, म्हणजे २ वर, ठेवला तरी सुटका नाही. खडा ७, चिंचोका ३, खडा १, चिंचोका ४ असा क्रम अटळ ठरतो. मग ७ वरील खडा ८ वर व तेथून ९ वर जाऊन १-५-९ ही रेषा पूर्ण होते. पट सममित असल्याने या दोन शक्यतांत सर्व उत्तरे सामावतात. मध्यबिंदू खुला असेल, तर जाणत्याच्या हाती पहिली खेळी येताच निकाल ठरला. ‘पहिला खडा मध्ये ठेवायचा नाही’ हा नियम म्हणूनच पोरकट हट्ट मानता येत नाही. तो हा मार्ग बंद करतो. (चोवीस बिंदूंच्या नवकंकरीचा निकाल, म्हणजे बरोबरी, सिद्ध करण्यास १९९३ साली राल्फ गासर यांना संगणकाचे साहाय्य घ्यावे लागले, येथे कागद-पेन्सिल पुरते.)

मोहरा उचलून कोणत्याही रिकाम्या बिंदूवर ठेवण्याची मुभा असेल, तर वरील पहिल्या डावात दाखवलेला विजय निसटतो. चिंचोका थेट ८ वर येऊन वाट अडवू शकतो.

आकृतीची साक्ष :

दगडात कोरलेले पट महाराष्ट्रात लेण्यांत, मंदिरांच्या फरसबंदीवर आणि घाटवाटांवर आढळतात. परंतु आकृती टिकली तरी नियम तिच्यात कोरलेला नसतो. कास्तीलचा राजा दहावा आल्फोन्सो याने सिद्ध करविलेल्या इ. स. १२८३ च्या खेळविषयक ग्रंथात तीन मोहऱ्यांचा असाच खेळ आहे. फिलिपाइन्समधील तापातान याच आकृतीवर खेळतात, तर घानातील आची या खेळात मोहरे प्रत्येकी चार असतात. नायगावलगतचा वसई परिसर १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. तेथील किल्ल्याच्या एखाद्या फरशीवर उद्या असा पट सापडला, तर तो स्थानिकांनी कोरला की पोर्तुगीज शिपायांनी, याचा निवाडा केवळ रेषांवरून करता येणार नाही.

म्हणून लोकखेळांच्या क्षेत्रीय नोंदींत पटाच्या छायाचित्राबरोबर वयस्क खेळाडूंच्या तोंडचे नियम टिपणे अगत्याचे आहे. पहिली खेळी कोठे वर्ज्य, मोहरा सरकवायचा की उचलायचा, हे तर विचारावेच. पटावर कर्ण आहेत की नाहीत याचीही चौकशी व्हावी. कर्ण असल्यास ३, ५ व ७ वर खडे असणारा जिंकलेलाच असतो. कर्ण नसल्यास त्याच स्थितीत १, २ व ४ वरील चिंचोके पूर्णपणे कोंडले जातात, आणि अशा वेळी कोंडलेला हरला की त्याची खेळी चुकली, याचे उत्तर फक्त खेळणाराच देऊ शकतो.