पंचावन्न घटांची रोजकीर्द

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी ह्या गावाची कीर्ती पाणलोटाच्या कामाने दूरवर पसरली. परंतु तेथील रस्त्यावरच्या दिव्यांना प्रत्येकी स्वतंत्र सौरफलक दिलेले आहे, ह्या बाबीची चर्चा त्या मानाने थोडी झाली. अशा दिव्याचे मर्म फलकापेक्षा, दिवसाची मिळकत रात्रीसाठी राखून ठेवणाऱ्या बॅटरीत असते. फलक वीस-पंचवीस वर्षे सहज टिकते. शिशाची बॅटरी तेवढ्या मुदतीत कितीदा बदलावी लागेल, हे बव्हंशी तिच्या निगराणीवर ठरते.

गास्तों प्लान्ते ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली सिद्ध केलेल्या ह्या घटाचे मूळ रसायन अद्याप तेच आहे. बॅटरी रिकामी होताना पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट जमते व ती भरताना विरघळते. मात्र रिकाम्या अवस्थेत दीर्घकाळ पडून राहिल्यास त्याचे स्फटिक कठीण होऊन पुन्हा विरघळेनासे होतात.

ह्या दुखण्याचे गांभीर्य विजेच्या उपकेंद्रात प्रत्ययास येते. १७,०४८ चौरस किलोमीटर विस्ताराच्या, क्षेत्रफळात राज्यात अग्रस्थानी असलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यात तारा जितक्या दूर जातात तितकी त्यांच्या रक्षणाची जबाबदारी वाढते. मोठ्या उपकेंद्रांतून दोन व्होल्टांचे ५५ घट एकसर जोडून ११० व्होल्टांची बॅटरी मांडण्याचा शिरस्ता आहे. वाहिनीवर दोष उद्भवला म्हणजे ब्रेकर पाडण्याची शक्ती तीच पुरवते, कारण नेमक्या त्या क्षणी मुख्य वीज भरवशाची नसते. चार्जरवर स्वस्थ बसलेल्या ह्या बॅटरीचा एकूण व्होल्टेज महिनोन्‌महिने निर्दोष दिसतो, आणि आतून निकामी झालेला एकच घट सबंध साखळीस ऐन वेळी दगा देतो. म्हणून प्रत्येक घटाचे विशिष्ट गुरुत्व व व्होल्टेज वेगळे मोजून वहीत उतरवावे, शेजाऱ्यांच्या मानाने कोणाचा आकडा उतरतो आहे ते पाहावे, आणि ठराविक मुदतीने प्रत्यक्ष भार घालून परीक्षा घ्यावी. हल्ली हे आकडे यंत्रेच टिपतात. पण यंत्राने टिपलेले कोणी वाचलेच नाही, तर जुनी वही काय वाईट होती?

घरगुती इन्व्हर्टरची कथा निराळी नाही. २००५ नंतरच्या भारनियमनाने तो गावोगाव पोहोचला. डिस्टिल्ड वॉटरऐवजी बोअरचे पाणी ओतण्याची सवयही त्याच्यामागोमाग आली. त्या पाण्यातील क्षार व लोह पट्ट्यांचा नाश करतात. शिवाय बॅटरीचे तापमान २५ अंशांच्या वर सतत दहा अंश राहिले, तर आयुष्य अदमासे निम्मे होते. शेवगाव-पाथर्डीकडच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली बॅटरी ठेवणाऱ्याने हा हिशेब अवश्य करावा.

अकाली मेलेली प्रत्येक बॅटरी म्हणजे पुन्हा वितळवावे लागणारे शिसे. बॅटरीच्या वजनात त्याचा वाटा निम्म्याहून अधिक असतो. योग्य कारखान्यात ते जवळजवळ सर्व परत मिळते, परंतु ॲसिड गटारात ओतून उघड्या भट्टीवर शिसे आटवणाऱ्यांकडे गेल्यास त्याचा धूर व धूळ माती-पाण्यातून लहान मुलांच्या रक्तापर्यंत जाते. २००१ च्या नियमांची जागा घेणाऱ्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुनी बॅटरी परत घेऊन तिची विल्हेवाट लावण्याचे दायित्व उत्पादकावर टाकले आहे. तथापि भंगारवाल्याचा रोख भाव दारातच मिळतो, आणि दुकानदाराकडे वजा होणाऱ्या रकमेपेक्षा तो चार रुपयांनी जास्त असला की नियमाचे पुस्तक मिटते.