अडविलेलें पाणी व मत्स्यशेती

पुरुषोत्तमनगरच्या शेतकऱ्यांस तापी नवी नाहीं. प्रकाशें व सारंगखेडें येथें बॅरेज झाल्यापासून तिचें पाणी अडून संथ राहतें. त्याकडे केवळ उसाच्या पंपापुरतें पाहूं नये. तें मत्स्यशेतीचेंही क्षेत्र आहे, असें आम्हांस वाटतें.

कटला पाण्याच्या वरच्या थरांत, रोहू मधल्या थरांत व मृगळ तळाशीं चरतो. म्हणून तिन्ही जाती एकत्र सोडल्यास कोणताही थर वायां जात नाहीं. मात्र त्या पावसाळ्यांत, वाहत्या पाण्यांत अंडीं घालतात. साठलेल्या पाण्यांत सहसा घालीत नाहींत. १९५७ सालीं डॉ. हिरालाल चौधरी यांनीं ओडिशांत पीयूषग्रंथीचा अर्क टोचून त्यांचें प्रजनन घडविलें व मत्स्यबीजाची ही अडचण दूर होऊं लागली. पण पेरणीचें बियाणेंच खाणारा जसा पुढील हंगामास मुकतो, तसाच बारीक आसाच्या जाळ्यानें पिलें धरणाराही मुकतो.

कयाक ही एकट्यानें वल्हविण्याची अरुंद होडी मूळची आर्क्टिक प्रदेशांतील. ती आवाज करीत नाहीं, म्हणून गळ टाकण्यास सोयीची. परंतु तरंगजाकिटाखेरीज तींत बसूं नये, व पावसाळ्यांत बॅरेजचे दरवाजे उघडतात तेव्हां पाण्यांत उतरूंच नये.

शासन जलाशय मच्छीमार सहकारी संस्थांस ठेक्यानें देतें. हौशी माणसानें आधीं त्यांची संमति घ्यावी. काठच्या शेतकऱ्यांनीं फवारणीचे पंप नदींत धुऊं नयेत. आपल्या पिकावरील विष दुसऱ्याचें पीक मारतें, हें ध्यानीं ठेवावें.