अंगातले राखणदार आणि एचआयव्ही

मागच्या महिन्यात गटाची बैठक संपली, वह्या मिटल्या, आणि एक वहिनी मागे थांबली. नवऱ्याची एचआयव्ही तपासणी पॉझिटिव्ह आली होती, तिची निगेटिव्ह. सासू म्हणत होती, "मग तुला कसं काही झालं नाही?" जसा काही तिचाच गुन्हा! आम्हालाही तेव्हा नीट सांगता आलं नाही. मग समुपदेशक ताईंना विचारलं, थोडं वाचलं. तेच आज बोलू.

बाईच्या अंगात जन्मापासूनची एक राखण असते. योनीच्या आतलं अस्तर थरावर थर असं असतं. तिथे लॅक्टोबॅसिलस नावाचे जिवाणू राहतात, आपल्या विरजणातल्या जिवाणूंचे भाऊबंदच. ते आंबटपणा टिकवतात आणि त्यात विषाणूचा जोर कमी होतो. म्हणून साबण किंवा जंतुनाशक आत घालून धुऊ नये. स्वच्छतेच्या नावाखाली आपण आपलीच राखण धुऊन टाकतो.

अस्तरात लँगरहॅन्स नावाच्या पेशी पहाऱ्यावर असतात. त्या एचआयव्हीला पकडून पोटात घेतात आणि तिथेच संपवतात, असं नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००७ साली दाखवलं. त्यामुळे प्रत्येक संबंधात लागण होतेच असं नाही. पण म्हणून निरोधाशिवाय चालेल, असंही नाही.

कारण आता खरी गंमत, नव्हे, अडचण ऐका. शेतात डुक्कर शिरलं की राखणदार हाका मारतो आणि माणसं धावत येतात. तसंच इथे होतं. पहारेकरी पेशी रसायनं सोडून मदत बोलावतात. धावून येणाऱ्यांत सीडी-४ पेशी असतात. एचआयव्हीला नेमक्या त्याच हव्या असतात, कारण त्यांच्यातच तो वाढतो. मदतीला आलेलेच त्याच्या तावडीत सापडतात. त्यातून आधीच तिथे जंतुसंसर्ग असेल, सूज असेल, तर या पेशींची गर्दी अगोदरच जमलेली असते. अशा वेळी लँगरहॅन्स पेशीही विषाणूला मारण्याऐवजी पुढे पोचवू शकतात.

दक्षिण आफ्रिकेत क्वाझुलू-नाताल भागात बायकांवर एका जेलची चाचणी झाली होती. तिचे निष्कर्ष २०१० साली आले. पुढे त्याच बायकांचे नमुने तपासले, तेव्हा ज्यांच्या योनीमार्गात सूज होती त्यांच्यात लागण जास्त आढळली. आणि ही सूज बाहेरून दिसतेच, दुखतेच असं नाही.

आपल्याकडे अंगावरून जाणं बायका वर्षानुवर्षं लपवतात. थोडं पांढरं जाणं नेहमीचंच आहे. पण वास, खाज, जळजळ, रंग बदलणं, ओटीपोटात दुखणं असेल तर सरकारी दवाखान्यात दाखवा. संबंधातून पसरणारा आजार निघाला तर उपचार दोघांनी घ्यायचा. अशा वेळी एकटीने गोळ्या खाऊन उपयोग नाही, हे नवऱ्याला सांगायला आमच्यापैकी कुणीही सोबत येईल.

त्या वहिनीला आम्ही सांगितलं: तुझा काही गुन्हा नाही. निरोध वापर, डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा तपासणी कर. नवऱ्याच्या एआरटी गोळ्या सरकारी केंद्रात मोफत मिळतात. त्या रोज घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर संबंधातून लागण होत नाही. कुणावर जबरदस्ती झाली किंवा निरोध फाटला, तर ७२ तासांच्या आत दवाखाना गाठा. जितकं लवकर तितकं बरं. विचारायचं असेल तर १०९७ हा नंबर फुकट आहे, नाव सांगावं लागत नाही.

परवा वहिनी नवऱ्याला घेऊन केंद्रावर गेली. सासूबाईही गेल्या होत्या सोबत.