मानवतचा मुंजा

मराठवाड्यातल्या भुतांमध्ये मला सगळ्यात अस्वस्थ करतो तो मुंजा. मुंज झाली, पण सोडमुंज व्हायच्या आतच गेलेला पोरगा. इच्छा अपुऱ्या राहिल्या म्हणून त्याचा मुक्काम पिंपळावर. तिन्हीसांजेला झाडाखालून जाणाऱ्याला तो धरतो, अशी समजूत. आणि तरीही कितीतरी ठिकाणी लोक दगडाला शेंदूर फासून, नारळ फोडून त्यालाच मुंजोबा म्हणून पूजतात. भीती आणि माया एकाच दगडात!

आपल्या परभणी जिल्ह्यातल्या मानवतला मात्र या समजुतीने रक्त सांडलं. १९७२ ते १९७४ या काळात तिथे लहान मुली आणि बायकांचे एकामागून एक खून झाले. मुंबईहून आलेले पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या तपासात कारण पुढे आलं: गुप्तधन मिळावं, मूल व्हावं, म्हणून पिंपळाच्या मुंजाला कुमारिकांचं रक्त वाहायचं. कथेतला मुंजा फार तर झपाटतो. त्या पोरींना जिवंत माणसांनी मारलं. नरबळी आणि जादूटोण्याविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात झाला तो २०१३ मध्ये, त्यासाठी लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर.