पाडण्याचा हक्क

देवनारचे डम्पिंग ग्राउंड आणि त्याला खेटून असलेल्या शिवाजीनगर, बैंगणवाडीच्या वस्त्या ज्या ईशान्य मुंबई मतदारसंघात येतात, तिथे लागोपाठ दोनदा निवडून आलेले शेवटचे खासदार म्हणजे सुब्रमण्यम स्वामी. १९७७ आणि १९८०. पुढे गुरुदास कामत, जयवंतीबेन मेहता, पुन्हा कामत, प्रमोद महाजन, पुन्हा कामत, किरीट सोमय्या, पुन्हा कामत. १९९८ मध्ये भाजप केंद्रात सत्तेवर येत होता आणि तरीही महाजनांसारखा मातब्बर नेता इथे पडला. २००९ ला मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर कामत वायव्य मुंबईत गेले, संजय दिना पाटील अवघ्या २,९३३ मतांनी आले. २०१४ ला, मेधा पाटकरही रिंगणात असताना, सोमय्यांनी पाटलांना ३,१७,१२२ मतांनी पाडले. या मतदारसंघात विद्यमान खासदाराला मतदारांनी घरी पाठवल्याची ती शेवटची वेळ.

त्यानंतरचे दशक मला सलते. २८ जानेवारी २०१६ रोजी डम्पिंगला आग लागली, धूर दिवसेंदिवस हटेना, पालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मार्चमध्ये पुन्हा आग. उच्च न्यायालयाने कचऱ्याची सोय होईपर्यंत मुंबईत नव्या बांधकामांना मनाई केली. १९२७ पासून शहराचा कचरा झेलणाऱ्या जागेशेजारच्या वस्तीची दखल बिल्डरांची अडचण झाल्यावर घेतली गेली. या काळात खासदार होते सोमय्या. २०१९ ला त्यांचा हिशेब इथल्या मतदारांनी करायचा, तर भाजपने उमेदवारीच कापली, आणि तीही मित्रपक्ष शिवसेनेच्या रोषापायी; देवनारच्या धुरापायी नव्हे. मुलुंडचे नगरसेवक मनोज कोटक आले आणि २,२६,४८६ मतांनी जिंकले. २०२४ ला त्यांचेही तिकीट कापून मिहिर कोटेचांना दिले गेले. दहा वर्षांत दोन खासदार गेले आणि दोघांपैकी एकालाही ‘पाच वर्षांत काय केलेत?’ असे मतपेटीतून विचारता आले नाही.

कचरा हे पालिकेचे काम, खासदाराचा काय संबंध, असे म्हणतात. पण मार्च २०२२ पासून पालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. २०२४ ला मतदारांसमोर जाब देण्याजोगे लोकप्रतिनिधी म्हणजे आमदार आणि खासदार एवढेच. शिवाय देवनारच्या जमिनीचा काही भाग धारावीच्या पुनर्वसनासाठी देण्याचा निर्णय पालिकेने एकट्याने घेतलेला नाही, तो राज्याचा आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: लोक पक्षाला मत देतात, चेहरा बदलला म्हणून काय बिघडले? कोटकांचे मताधिक्य तेच सांगते, हे मान्य. पण २०२४ मध्ये संजय दिना पाटील कोटेचांविरुद्ध २९,८६१ मतांनी जिंकले आणि या वस्त्या ज्यात येतात त्या मानखुर्द-शिवाजीनगर विधानसभा क्षेत्राने दिलेली आघाडी या फरकाहून मोठी होती. म्हणजे निकाल फिरवण्याचे बळ याच वस्त्यांत आहे, आणि नेमका तोच निकाल पक्ष आधीच उरकून टाकतात. तिकीट कापण्याला उत्तरदायित्व म्हणणाऱ्यांनी एक तरी उदाहरण दाखवावे, जिथे इथला खासदार कचऱ्यासाठी कापला गेला.

२०२५ मध्ये पालिकेने १८५ लाख टन जुना कचरा हटवण्याची निविदा काढली. त्यातला किती हलला हे २०२९ पर्यंत दिसेल. तेव्हा पाटलांच्या पक्षाने त्यांनाच उभे करावे. पाडायचे की ठेवायचे ते शिवाजीनगर, बैंगणवाडीचे लोक ठरवतील.