थंडीच्या दिवसांत मनाची ऊब

डिसेंबर उजाडला की घरोघरी रजया, स्वेटर आणि कानटोप्या बाहेर निघतात. डिंकाचे लाडू वळले जातात, मुलांच्या अंगाला तेल चोळले जाते. शरीराच्या थंडीची तजवीज आपण अशी वेळीच करतो. परंतु याच दिवसांत मनालाही गारठा जाणवतो, याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

याचे एक कारण आकाशातच आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात मुंबईचा दिवस सुमारे ११ तासांचा, तर श्रीनगरचा जेमतेम १० तासांचा असतो. दिल्ली, लखनौ, पाटणा या भागांत दाट धुके पडले म्हणजे एवढाही प्रकाश नीट मिळत नाही. पुरेशी झोप होऊनही उठवत नाही, कोणाशी बोलावेसे वाटत नाही, गोड खाण्याची इच्छा वाढते. दरवर्षी हिवाळ्यात उद्भवणाऱ्या आणि वसंतात ओसरणाऱ्या अशा नैराश्याचे वर्णन अमेरिकेतील डॉ. नॉर्मन रोझेन्थाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली प्रसिद्ध केले. डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशावरून मेंदू झोपेची व जागेपणाची वेळ जुळवीत असतो. प्रकाश अपुरा पडला की हा क्रम बिघडतो, असे अभ्यासक मानतात. तेव्हा हिवाळ्यात मरगळलेल्या माणसाला आळशी म्हणून हिणवणे अन्यायाचे होय.

या बाबतीत काश्मीरच्या खोऱ्यातील रीत पाहण्यासारखी आहे. तेथे २१ डिसेंबरपासून ४० दिवस कडाक्याच्या थंडीचे. त्यांना ‘चिल्लई कलां’ म्हणतात. त्यानंतर २० दिवसांची ‘चिल्लई खुर्द’ आणि १० दिवसांची ‘चिल्लई बच्चा’ येते. या काळासाठी टोमॅटो, वांगी, दुधी आधीच वाळवून ठेवलेले असतात. अंगात सैल फेरन आणि त्याच्या आत निखाऱ्यांची कांगडी असते. अनेक घरांत ‘हमाम’ नावाची खोली असते. तिच्या दगडी जमिनीखाली लाकडे जाळून ती उबदार ठेवतात. समोवारातला खारट ‘नून चाय’ पीत मंडळी तेथे एकत्र बसतात. ऊब एका ठिकाणी असल्यामुळे माणसेही एका ठिकाणी येतात, आणि घरातील वृद्ध व आजारी सहसा एकटे पडत नाहीत.

आपल्याकडे नेमके उलट घडते. आजींना थंडी सोसत नाही म्हणून आपण त्यांना स्वतंत्र खोली, जाड रजई आणि विजेची शेगडी देतो. जेवणाचे ताटही तेथेच नेऊन देतो. यामागे प्रेमच असते, परंतु दिवसभरात त्यांच्याशी चार शब्द बोलणारे कोणी उरत नाही. दुसऱ्या राज्यात नव्याने संसार मांडलेली सून, वसतिगृहात राहणारा मुलगा यांचीही हीच स्थिती होऊ शकते.

उपाय साधे आहेत. सकाळी ऊन पडताच अर्धा तास अंगणात, गच्चीवर किंवा खिडकीशी बसावे. वृद्धांनाही हाताला धरून तेथे आणावे. शेंगा सोलणे, मेथी निवडणे अशी हलकी कामे सर्वांनी मिळून करावीत. रात्रीचे जेवण एकत्र घ्यावे. दूर असलेल्यांना ठराविक वेळी दूरध्वनी करावा. आणि स्वतःला थकवा वाटत असेल त्या दिवशी काही कामे उद्यावर टाकण्यात मुळीच कमीपणा मानू नये.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा कांगडी ठेवून कधीही झोपू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वासही नसतो, आणि तो झोपेतच प्राण घेऊ शकतो.

एवढे करूनही खिन्नता दोन आठवड्यांहून अधिक टिकली, अन्नावरची वासना उडाली किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर ऋतू पालटण्याची वाट न पाहता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. १० ऑक्टोबर २०२२ रोजी भारत सरकारने सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य बोलता येते, मराठीतूनही बोलता येते. आपल्या घरातील अबोल झालेले माणूस कदाचित हा क्रमांक स्वतः फिरवणार नाही. आपण त्याच्या शेजारी बसून तो फिरवून द्यावा.