ऑफिसातला कागद पत्रकाराला दिला तर गुन्हा होतो का?

शिरपूर : कापसाच्या नुकसानीची यादी, घरकुलाची यादी, नाहीतर एखाद्या चौकशीचा अहवाल. ऑफिसातल्या कोणीतरी मोबाईलवर फोटो काढला, पत्रकाराला पाठवला आणि दुपारपर्यंत तो गावोगावच्या ग्रुपवर फिरला. असं झालं की पहिले दोनच प्रश्न निघतात. कागद फोडला कोणी? आणि आता त्याची नोकरी जाणार का? कागदात लिहिलंय काय, हा प्रश्न मागेच राहतो. म्हणून कायदा काय सांगतो ते समजून घेऊ.

देवळालीत काय घडलं होतं?

आपल्या महामार्गावरच्या नाशिकजवळ देवळाली कॅम्प आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये 'द क्विंट' या न्यूज वेबसाइटने तिथल्या जवानांचा छुपा व्हिडिओ दाखवला. अधिकाऱ्यांची कुत्री फिरवणं, मुलांना शाळेत सोडणं अशी घरगडीची कामं जवानांना करावी लागतात, असं त्यात होतं. त्यानंतर २ मार्चला लान्स नाईक रॉय मॅथ्यू या केरळच्या जवानाचा मृतदेह देवळालीतच आढळला. त्या व्हिडिओत बोलणाऱ्यांत तोही होता.

सैन्याच्या तक्रारीवरून पत्रकार पूनम अग्रवाल आणि कारगिलमध्ये लढलेला एक माजी सैनिक यांच्यावर गुन्हा दाखल झाला. शासकीय गुपिते कायदा आणि आत्महत्येस प्रवृत्त करणं, अशी कलमं लागली. एप्रिल २०१९ मध्ये मुंबई हायकोर्टाने तो गुन्हा रद्द केला. पण तोवर दोन वर्षं गेली होती. आणि जवान तर जिवानिशी गेला होता.

हा कायदा आहे तरी काय?

शासकीय गुपिते कायदा १९२३ चा, म्हणजे इंग्रजांच्या काळातला. त्याचं कलम ३ हेरगिरीसाठी आहे. सैन्याची माहिती शत्रूला पुरवली तर १४ वर्षांपर्यंत शिक्षा. कलम ५ मध्ये, नोकरीमुळे हाती आलेली गुप्त माहिती अधिकार नसलेल्या माणसाला दिली तर ३ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. देणारा तर अडकतोच, जाणूनबुजून घेणाराही अडकू शकतो. मात्र सरकारने किंवा सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने तक्रार केल्याशिवाय कोर्ट अशा खटल्याची दखल घेत नाही.

कागदावर 'गोपनीय' असा शिक्का मारला म्हणजे लगेच गुन्हा झाला, असंही नाही. मंत्रिमंडळाची एक टिपणी छापल्याबद्दल दिल्लीत एका पत्रकारावर खटला झाला होता. २००९ मध्ये कोर्टाने त्याला आरोपातून मुक्त केलं. नुसत्या शिक्क्याने कागद या कायद्याखाली येत नाही, असं त्या वेळी स्पष्ट झालं.

मग कर्मचारी सुटला का?

नाही. कर्मचाऱ्याला वर्तणूक नियम लागू असतात. परवानगीशिवाय कागद बाहेर दिला तर खातेचौकशी आणि निलंबन होऊ शकतं. त्यात पैसे घेतल्याचा आरोप असेल तर प्रकरण आणखी वाढतं. २०२१ मध्ये माजी गृहमंत्री अनिल देशमुख यांच्यावरच्या प्राथमिक चौकशीचा अहवाल माध्यमांत आला. त्यावर सीबीआयने आपल्याच उपनिरीक्षकाला आणि देशमुखांच्या वकिलाला अटक केली. लाच घेऊन माहिती फोडली, असा आरोप होता.

भ्रष्टाचार उघड करणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा संसदेने २०१४ मध्ये केला. पण तो अजून लागूच केलेला नाही. त्यामुळे चांगल्या हेतूने कागद देणारा छोटा कर्मचारीसुद्धा उघड्यावरच आहे.

पोलीस ठाण्यात मोबाईल काढला तर?

पोलीस ठाणं या कायद्यातलं 'प्रतिबंधित ठिकाण' नाही. नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये वर्ध्याच्या प्रकरणात हे सांगितलं. आपला धुळे जिल्हा औरंगाबाद खंडपीठात येतो. त्या खंडपीठाने सप्टेंबर २०२४ मध्ये पाथर्डीच्या प्रकरणात तेच सांगितलं आणि या कायद्याचं कलम काढून टाकलं. पण शिवीगाळ, धक्काबुक्की केली तर दुसरी कलमं लागतात, हे लक्षात ठेवा.

सरळ रस्ता कोणता?

माहिती अधिकार. २००५ च्या या कायद्याचं कलम २२ जुन्या गुपिते कायद्याच्या वर आहे. कलम ८(२) प्रमाणे, लोकांचं हित जास्त असेल तर गुप्त माहितीही देता येते. राफेल प्रकरणात १० एप्रिल २०१९ ला सुप्रीम कोर्टाने याच कलमाचा आधार घेतला आणि वृत्तपत्रात फुटलेली कागदपत्रं विचारात घेतली.

१० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, अर्ज १५० शब्दांच्या आत. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील. तिथेही नाही झालं तर माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे दुसरं अपील.

नुकसानीची यादी, घरकुलाची यादी, रोजगार हमीचं मस्टर ही काही देशाची गुपितं नाहीत. ती तुमच्याच पैशांची आहेत. तेव्हा ओळखीच्या क्लार्कला म्हणू नका, "भाऊ, जरा फोटो काढून दे ना." त्याची नोकरी धोक्यात घालण्यापेक्षा १० रुपयांचा अर्ज करा, पोच घ्या. सही-शिक्क्याची प्रत हातात आली की ती पत्रकाराला द्या, ग्रामसभेत वाचा. मग कागद कोणी फोडला, हे कोणी विचारणार नाही.